आई सोडून सगळ्यांनी ऐकलं

प्रिय आत्या,

जहाजावर पाय ठेवल्याबरोबर फोन कर, असं तू चारचारदा बजावलं होतंस आणि मी काल केला नाही. घाबरू नकोस, आम्ही दोघी ठणठणीत आहोत. फोन केला असता तर 'हो, पोचलो, हो, जेवलो, हो, आईनं स्वेटर घातलाय' एवढं बोलून मी मोकळी झाले असते आणि खरं सांगायचं ते राहून गेलं असतं. म्हणून हे पत्र. आज दुपारी जहाज पहिल्या बंदराला लागेल. तिथे उतरल्यावर समोरच टपालपेटी आहे, असं चौकशीच्या काउंटरवरच्या बाईंनी सांगितलंय. खात्री करायला मी पुन्हा पुन्हा विचारायला गेले, तेव्हा शेवटी शेवटी त्या मला लांबून बघूनच 'आहे हो, पेटी आहे' म्हणायला लागल्या. या बाईंची आणि माझी कालच्या एका दिवसात चांगलीच ओळख झालीय. कशी, ते पुढे येईलच.

आत्ता सकाळ आहे. मी आमच्या केबिनमधल्या इवल्याशा टेबलाशी बसलेय. टेबल भिंतीला ठोकून बसवलंय, पेनाला मात्र कुणी ठोकलेलं नाही, त्यामुळे ते घरंगळतं आणि मी पकडते. आई नाश्त्याला गेली आहे. एकटी. हे वाक्य वाचून तू चष्मा काढून पुसशील आणि परत वाचशील, मला माहीत आहे. परत वाच. एकटीच गेली आहे.

निघायच्या आधी तू माझ्यावर जे काम सोपवलंस, ते घेऊन मी काल जहाजाची शिडी चढले. दूरच्या शहरातल्या त्या छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी मला मिळाली आहे, आणि येते की नाही ते ही सहल संपायच्या आत कळवायचं आहे, हे घरात फक्त मला ठाऊक होतं आणि घराबाहेर तुला. तू म्हणालीस, 'जा खुशाल. मी मागची खोली रंगवून घेतलीय. दुकान बंद करा आणि वहिनीला माझ्याकडे आणून सोड. तिचं एकटीचं कसं व्हायचं तिथे? पण हे तिला जहाजावर सांग. हवापालट झाली की माणूस ऐकून घेतं.' तू ते किती मायेनं म्हणालीस ते मला कळलं. पण त्या दिवसापासून मला घास गोड लागला नाही. आईला विचारायचं नाही, सांगायचं. आणि सांगायचं ते मी. गेले तर आईला टाकून गेले असं वाटणार, राहिले तर जन्मभर आईकडे बघून मनातल्या मनात हिशेब मांडत बसणार. दोन्हीकडून माझीच पंचाईत.

तुला आठवतं, माझी पहिली शाळा आपलं स्वयंपाकघर होती. तेव्हा बाबा होते, पण दिवसभर पुढे फ्रेमांच्या दुकानात लाकडी पट्ट्या कापत बसलेले, आई काच पुसत आणि खिळे मारत. मी हातांनी बोलायला शिकले होते, तोंडानं नाही. मला भूक लागली तर सांगता यायचं, राग आला तर सांगता यायचं, आणि आवाज न करता भोकाड कसं पसरायचं हेही यायचं. मग तू राहायला आलीस. दुकानातल्या कात्रणातली एक कागदाची पट्टी घेऊन माझ्या तोंडासमोर धरलीस. 'प' म्हटलं की पट्टी जराशी हलायची, 'फ' म्हटलं की फडफडायची. मला वाटायचं हा खेळच आहे. पट्टी हलवता हलवता मी बोलायला लागले, आणि एकदा लागले ती थांबेना, म्हणून तू मला पोपट म्हणायला लागलीस. आणि एक दिवस तू माझे दोन्ही कान धरून म्हणालीस, 'आता तू आईचे कान बरं का.' बाबांनी त्यावर कायदा केला: जे ऐकशील ते सगळं सांगायचं, गोड करायचं नाही, कडू करायचं नाही, आणि गाळायचं तर मुळीच नाही. तेव्हापासून मी मध्ये आहे. काचवाला आणि आई यांच्या मध्ये, डॉक्टर आणि आई यांच्या मध्ये, आणि तुझ्या आणि आईच्या मध्ये. जगातल्या इतर नणंदा-भावजया सरळ एकमेकींशी भांडतात. तुम्हा दोघींना भांडायचं झालं तरी मला पुस्तक खाली ठेवून उठावं लागायचं.

काल बंदरावर तेच झालं. रांगेतला अधिकारी आईचा पासपोर्ट हातात धरून मला विचारत होता, 'यांचा पहिलाच प्रवास का? यांना काही औषधं आहेत का? यांना जिना चढता येतो ना?' आई त्याच्या समोर उभी, आणि तो तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतोय. मी इमानेइतबारे सगळं हातांनी आईला सांगितलं, 'जिना चढता येतो ना' हेसुद्धा. आईनं त्याच्याकडे बघून जिना चढायचा अभिनय करून दाखवला, गुडघे पार छातीपर्यंत नेऊन. मागची रांग हसली. अधिकारी लाल झाला. मी त्याहून लाल झाले आणि माफी मागितली, कुणाची ते मलाही कळलं नाही.

केबिन म्हणजे एक लांबट डबा आहे, पण नीटनेटका. दोन पलंग, मध्ये एक दिवा, कपाटात फुगीर नारंगी जाकिटं, आणि एक गोल खिडकी, जिच्या बाहेर तेव्हा नुसता धक्का आणि दोरखंड दिसत होते. मी लगेच कामाला लागले. दाराची कडी आतून कशी लागते, दिव्याची बटणं कुठे, न्हाणीघरातला नळ कुठल्या बाजूला फिरवला की गरम येतं, हे सगळं आईला एकेक करून दाखवलं. आईनं त्यातलं काही बघितलं नाही. ती दोन्ही हात पाठीमागे बांधून भिंतीवरच्या चित्रासमोर उभी होती. तुला आठवत असेल, गेल्या हिवाळ्यात आपल्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, पलंगाखाली फ्रेमा, जिन्यावर फ्रेमा. हे जहाज नव्यानं सजवत होते आणि त्याची सगळी चित्रं आईनं फ्रेमांत बसवली होती. त्या कामावर खूश होऊन कंपनीनं ही दोन तिकिटं पाठवली. तेव्हा मी आनंदानं उड्या मारत होते आणि आईनं एवढंच विचारलं होतं, 'त्यांनी त्या कुठे कुठे लावल्यात, ते बघायला मिळेल ना?' काल तिनं फ्रेमच्या कोपऱ्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. जोडावर नख अडकलं नाही. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, 'ही आपली. हं, आता दाखव तुझा नळ.'

थोड्या वेळानं भोंगे वाजले आणि सगळ्यांना मोठ्या दालनात बोलावलं. संकटात काय करायचं त्याची तालीम असते, ती चुकवता येत नाही. कर्ण्यातून एक आवाज सूचना देत होता, तो इतका घाईत की मला घाम फुटला. मी आईसमोर उभी राहून एकेक शब्द हातांवर घेत होते. जाकीट, पट्टा, शिटी, डावीकडचा जिना, धावायचं नाही. आपल्या घरात 'जाकीट फुगतं' याला खूणच नाही, म्हणून मी गाल फुगवले, तर आईला वाटलं मला मळमळतंय. तिनं माझा खांदा धरून मला बाजूला सारलं. 'हो तिकडे. दिसत नाही मला.' माझ्यामागे एक तरुण अधिकारी बाई उंच स्टुलावर उभी राहून तेच सगळं हातांनी करून दाखवत होती. जाकीट डोक्यातून घातलं, पट्टा कमरेभोवती घेतला, अडकवला, ओढला, शिटीकडे बोट, जिन्याकडे हात. एक शब्द न बोलता. आईनं सगळं बघितलं, स्वतःचं जाकीट घातलं, माझा पट्टा उलटा अडकला होता तो सरळ केला, आणि म्हणाली, 'ती पोरगी तुझ्यापेक्षा स्वच्छ बोलते.' आत्या, मला राग आला. खरंच आला. एवढी वर्षं हात मोडेपर्यंत बोलले, आणि स्टुलावरची कोण कुठली बाई माझ्यापेक्षा स्वच्छ!

त्या रागातच मी केबिनमध्ये येऊन तोंड धुवायला गेले. साबण लावता लावता मनात वाक्यं जुळवत होते. 'आई, आत्यानं तुझ्यासाठी एक खोली...' नको. 'आई, तुला नाही का वाटत, दुकानाचा आता कंटाळा...' तेही नको. बाहेर आले तर केबिन रिकामी. आईचे बूट नाहीत. बाहेरच्या बोळात दोन्ही बाजूंनी एकसारखी दारं, आणि आई कुठेच नाही. मी तो मजला पालथा घातला, वरचा घातला, खालचा घातला. दर जिन्यावर मला दिसत होतं, आई चुकून कुठल्यातरी लोखंडी दाराआड गेलीय आणि दार लागलंय. ती हाक मारू शकत नाही. कुणी हाक मारली तर तिला कळणार नाही. मी धावत चौकशीच्या काउंटरवर गेले आणि तिथल्या बाईंना म्हटलं, 'माझी आई हरवलीय. बुटकी आहे, केस पांढरे, पिवळा स्वेटर. कृपा करून कर्ण्यावरून बोलवा तिला.' त्या बिचाऱ्यांनी तत्परतेनं माइक ओढला, आणि सगळ्या जहाजभर, वरच्या मजल्यापासून तळापर्यंत, घोषणा झाली: पिवळा स्वेटर घातलेल्या बाईंनी कृपया चौकशी काउंटरवर यावं, आपली मुलगी आपली वाट पाहत आहे.

घोषणा संपली आणि मी टाचा उंचावून जिन्याकडे बघत उभी राहिले. मोठ्या आशेनं. तू हसायला लागली असशील. मला कळायला आणखी वेळ लागला. इतकी वर्षं त्या बाईच्या पोटची पोर म्हणून जगतेय, आणि मी तिला कर्ण्यावरून बोलवलं! तेवढ्यात जिन्यावरून एक पिवळा स्वेटर उतरला. आत भलत्याच बाई होत्या, उंच, धष्टपुष्ट, मागे नवरा. त्या माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, 'मला मुलगी नाही. पण म्हटलं, एवढं बोलावताहेत तर बघून तरी यावं.' नवरा म्हणाला, 'मी हिला सांगत होतो, आपल्याला दोन मुलगे आहेत, पण ही ऐकेल तर ना.' मी रडत रडत काउंटरवरच्या बाईंना सांगितलं की माझ्या आईला ऐकू येत नाही. त्यांनी माइक खाली ठेवला. कपाळाला हात लावला. 'अहो मग मी कुणाला बोलवत होते?' त्यावर ते तिघंही हसायला लागले, आणि तशा अवस्थेतही, आत्या, मलाही हसू आलं. उंच बाईंनी माझा हात धरला. 'चल, शोधू या. पिवळ्याला पिवळं बरोबर सापडतं.'

आणि सापडली. सगळ्यात वरच्या जिन्याच्या वळणावर. एक निळ्या डांगरीतला उंच माणूस हातात पेचकस घेऊन शिडीवर चढला होता, आणि आई खाली कमरेवर हात ठेवून त्याला हुकूम सोडत होती. वर, जरा डावीकडे, थांब, पुरे. भिंतीवरचं चित्र नुसत्या समुद्राचं आणि आकाशाचं, दोन निळ्या पट्ट्या. ते उलटं लावलं होतं. एरवी कुणाच्या लक्षात येणार नाही, पण आई चित्राभोवतीच्या पांढऱ्या पुठ्ठ्याची कड खालच्या बाजूला नेहमी थोडी रुंद ठेवते, नाहीतर चित्र घसरल्यासारखं दिसतं. इथे रुंद कड वर होती. मला बघून तो माणूस म्हणाला, 'या तुमच्या आई का? मला बाही धरून ओढत आणलं यांनी. मी म्हटलं चित्र सरळ आहे, त्या म्हणाल्या उलटं. चांगलं कडाक्याचं भांडण झालं आमचं.' मी धापा टाकत म्हटलं, 'तिला ऐकू येत नाही. ती बोलत नाही.' तो शिडीवरून माझ्याकडे बघतच राहिला. 'असं होय! आणि मी समजत होतो की यांनी पूर्वी कधीतरी इंजिनात काम केलंय.' हा जहाजावरचा दुरुस्तीवाला. निम्मं आयुष्य तळातल्या इंजिनापाशी घालवलंय. तिथे एवढा गडगडाट असतो की तोंडाचा काही उपयोगच नाही. 'खाली आम्ही सगळे हातांनीच बोलतो. शिव्यासुद्धा.' आणि त्यानं एक करून दाखवली. आईला ती लगेच समजली. फार आवडली.

मी आईवर तुटून पडले. कुठे गेली होतीस, न सांगता कशी गेलीस, माझं काय झालं असेल! आई शांतपणे म्हणाली, 'सांगून गेले. तुझ्यामागे उभी राहून आरशात सांगितलं, फ्रेमा बघून येते. तू मान हलवलीस.' मी मान हलवली होती, आत्या. डोळ्यांत साबण होता आणि डोक्यात तुझी मागची खोली.

मग दुरुस्तीवाल्यानं घड्याळ बघितलं आणि आईला हातांनी काहीतरी विचारलं, मला नाही, आईला. आम्ही सगळे त्याच्यामागून उघड्या डेकवर गेलो. वारा होता, माणसांची गर्दी होती, खाली धक्क्यावर दोर सोडत होते. त्यानं आईचे दोन्ही तळवे लोखंडी कठड्यावर ठेवले आणि बोट वर करून धुराड्याकडे दाखवलं. थांब, आता. आणि जहाजाचा भोंगा वाजला. माझ्या कानठळ्या बसल्या, उंच बाईंनी कान झाकले, एक बाळ किंचाळलं. आई नुसती उभी होती. मग तिनं एक हात कठड्यावरून काढून स्वतःच्या छातीवर ठेवला, मग गळ्यावर, मग दातांवर. भोंगा थांबला. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, 'हाच का तो? आवाज?' मी म्हटलं, 'हो. पण एवढा मोठा नेहमी नसतो.' ती म्हणाली, 'मग नेहमीचा तुम्हीच ठेवा. मला हा पुरे.' भोंगा परत वाजला तेव्हा तिनं दोन्ही मुठींनी कठडा बडवला, आपल्या घरात आनंद झाला की टेबल बडवतात ना, तसा. धक्का आमच्यापासून सरकायला लागला होता. सगळे लोक काठावरच्या माणसांना हात हलवत होते. आईला निरोप द्यायला काठावर कुणी नव्हतं, तरी ती हात हलवत होती. मला वाटतं, सगळ्या किनाऱ्यालाच.

तिथेच मी सांगितलं. जुळवलेली वाक्यं सगळी विसरले. छापखान्यातली नोकरी, मुदत, तुझी रंगवलेली खोली, दुकान बंद करायचं, सगळं, बाबांच्या कायद्याप्रमाणे, काही न गाळता. 'तिचं एकटीचं कसं व्हायचं' हेही. हात मध्येच अडखळत होते, म्हणजे आमच्यात तोतरं बोलल्यासारखंच ते. आई बघत राहिली. मग म्हणाली, 'मला वाटलंच होतं. गेला महिनाभर तू मला माझ्याच घरातले दिवे दाखवते आहेस. माझ्याच जिन्यावर पुढे होऊन सांगतेस, पायरी आहे. म्हटलं, एक तर पोरीला काहीतरी सांगायचंय, नाहीतर डॉक्टरनं हिला सांगितलंय की मी मरतेय.' मी म्हटलं, 'काचवाला आला तर? तो चेहरा फिरवून बोलतो.' आईनं हनुवटीनं दुरुस्तीवाल्याकडे दाखवलं. 'ह्याच्याशी भांडले. जिंकले. काचवाल्याला काय शिंगं आहेत?' 'आणि डॉक्टर?' 'डॉक्टरला लिहिता येतं. निदान येत असावं.' मग ती फार सावकाश म्हणाली, 'तू हुशार कान आहेस. पण तू माझ्या पुढ्यात उभी असलीस की लोक तुझ्याशीच बोलतात. कितीतरी वर्षांत आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी भांडलं.' आणि मग मला घट्ट धरून पाठीवर तसंच बडवलं. नोकरीबद्दल. अजून पाठ दुखतेय.

संध्याकाळच्या जेवणाला आमच्या टेबलावर उंच बाई आणि त्यांचा नवरा मुद्दाम येऊन बसले. मी सवयीनं आई आणि त्यांच्या मध्ये खुर्ची ओढली, तर आईनं मला टेबलाच्या टोकाला पिटाळलं. सूप येईपर्यंत उंच बाईंना पाणी, मीठ, नवरा आणि मूर्ख या चार खुणा आल्या होत्या, आणि त्यांतल्या शेवटच्या दोन त्या एकत्र वापरत होत्या. नवरा मला विचारत होता, 'काय म्हणताहेत या माझ्याबद्दल?' मी म्हटलं, 'मला काय विचारता, मी जेवतेय.' आणि जेवले, आत्या. गरम असताना जेवले. भरल्या टेबलाशी गरम सूप पिण्याची मला सवयच नाही. माझे हात नेहमी दुसऱ्यांच्या वाक्यांत अडकलेले. काउंटरवरच्या बाई जाता जाता थांबल्या आणि आईला वाकून नमस्कार करून म्हणाल्या, 'जहाजावरच्या प्रत्येक माणसाला तुमच्याबद्दल माहीत आहे, फक्त तुम्हालाच कळवायचं राहिलं होतं.' हे मात्र मी भाषांतर करून सांगितलं. आई इतकी हसली की नॅपकिनात तोंड लपवावं लागलं.

आत्ताच ती परत आली. बरोबर नॅपकिनात गुंडाळलेला एक पाव आणला आहे, माझ्यासाठी, आणि बातम्यांचं गाठोडं. दुरुस्तीवाल्याला नातू झालाय. उंच बाईंना आज बोट लागलीय. चौथ्या मजल्यावर आणखी एक चित्र वाकडं आहे. मी विचारलं, हे सगळं तुला कसं कळलं? तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी पुढे विचारलं नाही. आता ती पलंगावर बसून माझं लिहिणं संपायची वाट बघतेय, कारण या पत्रात तिचा निरोप जायचा आहे. खरं तर हे पत्र मी त्यासाठीच लिहायला घेतलं आणि इकडचं तिकडचं सांगत बसले.

तर तिचा निरोप, शब्दाला शब्द. 'खोली रंगवलीत, फार बरं वाटलं. माझ्यासाठी म्हणून कुणी भिंत रंगवल्याचं मला आठवत नाही. मी येईन. पाहुणी म्हणून येईन आणि पाहुणचार संपला की परत जाऊन दुकान उघडेन. पोरगी नोकरीवर जाईल. मग तुम्ही माझ्याकडे राहायला यायचं. भिंतीला रंग कुठला दिलाय ते कळवा, त्याला शोभेल अशी फ्रेम घेऊन येते. आणि बोलायचं ते माझ्याशी बोला, ही मध्ये नसेल.' हे सांगताना आईनं तुझं नाव घेतलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की ते तुला माहीतच नाही. आमच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. बाबांचं, कानावर अडकवलेली पेन्सिल. माझं, दोन भुवयांमधली आठी, आणि ती जाईपर्यंत नाव बदलणार नाही असं आईनं बजावलंय. पण समोर बसलेल्या माणसाचं नाव कोण घेतं? बोट दाखवलं की काम झालं. म्हणून तू समोर असताना ते कधी घेतलंच गेलं नाही, आणि तू नसताना घरात रोज घेतलं गेलं. उघडा पंजा ओठांसमोर धरायचा, हलकी फुंकर मारायची, आणि बोटं फडफडवायची, कागदाच्या पट्टीसारखी. तू मला बोलायला शिकवत होतीस तेव्हा आई चुलीपाशी उभी राहून बघत असायची. बोलणं म्हणजे काय ते तिला तुझ्या त्या पट्टीवर पहिल्यांदा दिसलं, असं ती आज सकाळी म्हणाली. तुझ्या आणि तिच्या मधलं हे माझं शेवटचं भाषांतर. परत आलो की आधी तुझ्याकडे येऊ. तू दार उघडशील तेव्हा आई तुझ्या तोंडावर तुझं नाव घेणार आहे, तसं तिनं ठरवलंय. तू तिचं घे. दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं एकमेकांना जुळवून चौकट कर, डोळ्यांसमोर धर, आणि तिच्यातून सरळ आईकडे बघ. मी मागे पायऱ्यांवर बॅगा सांभाळत उभी असेन, आणि तोंडातून चकार शब्द काढणार नाही.

तुझीच,
सुट्टीवर गेलेला पोपट